सोप्यातला समुद्र आणि त्याचं शेवाळ

उत्रोली, ता. भोर
फाल्गुन (तारीख मुद्दाम घालत नाही, हे पत्र एका बैठकीत संपेल असं वाटत नाही.)

चि. इंद्रजित भावजी यांस राजनंदिनीचे आशीर्वाद. वयाने तुम्ही माझ्याहून मोठे आहात हे मला ठाऊक आहे, पण नात्याने मी थोरली, तेव्हा आशीर्वाद माझ्याकडून निघणार आणि तुम्ही तो मुकाट्याने घ्यायचा. तुमची पाठ आता कशी आहे? ऑफिसातली खुर्ची बदलून घेतलीत का? चेन्नईला उकाडा सुरू झाला असेल. जेवणाचे हाल होत असतील तर कळवू नका, इथून कुणी काही करू शकत नाही, नुसता जीव खालीवर होतो. यापुढे 'इकडील सर्व क्षेम' असं लिहायची पद्धत आहे. ते वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. (वर खाडाखोड दिसते ती त्याचीच.) सगळे जिवंत आहोत एवढं खरं, म्हणजे माणसं सगळी. बाकीच्यांचं पुढे येईलच.

फोन असताना पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे चावडीवर उभं राहून बोलायचं. तुमचे बंधू स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाहीत (दिवसभर कापूरहोळच्या दुकानात मोटारी रिवाइंड करून त्यांच्या कानाचं काय झालंय ते त्यांनाच ठाऊक), अण्णा समोरच्या खुर्चीत बसलेले असतात (सासऱ्यांदेखत सुनेने काय बोलायचं?), आणि आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भिंतीपलीकडून ठकुबाई देतात. तुम्हीही 'वहिनी, मीटिंग आहे, फोटो पाठवा' एवढंच म्हणता. फोटोत मावणार नाही असं काहीतरी आहे, म्हणून लिहिते. तुम्ही बसवून दिलेल्या माशांच्या टाकीत शेवाळ झालं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या शेवाळापायी अण्णा पुन्हा गप्प होतील की काय, ही मला धास्ती आहे. पत्र लांबलं तरी एवढी एकच गोष्ट मनाशी धरून वाचा.

तुमच्या आई, आमच्या आत्याबाई, गेल्या तेव्हा भाताची लावणी चालू होती. अर्धं वावर लावून झालं होतं, अर्धं लोकांनी येऊन लावलं. त्यानंतर अण्णा शेताकडे फिरकले नाहीत. सोप्यातल्या खुर्चीत बसायचे. जेवायला हाक मारली की उठायचे, पुन्हा येऊन बसायचे. बोलायचे नाहीत. सुरुवातीला मला वाटलं माझ्यावर रागावलेत, मग वाटलं तुमच्या बंधूंवर रागावलेत (तेव्हा जरा बरं वाटलं), मग कळलं की ते कुणावरच रागावलेले नाहीत, त्यांना नुसतं बोलायचं नाहीये. दिवाळीला तुम्ही आलात, ते बघितलंत, पुण्याला गेलात आणि टेम्पोतून समुद्र घेऊन परत आलात. मी तेव्हाच म्हटलं होतं की वेळ जायला माणसं कॅरम आणतात. पण तुम्ही दोन दिवस खपलात, काचा बसवल्या, धोंडे रचले, वाळू पसरली, मिठाची बादली दाखवली, बाटलीतून कसले तरी जिवाणू ओतलेत आणि 'वहिनी, फक्त लक्ष ठेवा' असं म्हणून गेलात. हे 'फक्त लक्ष ठेवा' मला माझ्या माहेरच्या, पासलीच्या पावसाइतकं ओळखीचं आहे. एकदा लागला की चार महिने हलत नाही.

पहिला महिनाभर आम्ही तिघं रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो. ठकुबाई चार बायकांना घेऊन मासे बघायला आल्या आणि धोंडे बघून गेल्या. नंतर पुण्याच्या दुकानदाराचा माणूस पिशव्या घेऊन आला. ते दोन केशरी पट्टेवाले मासे, काही गोगलगायी, आणि ती लाल कोळंबी, पाठीवर पांढरा पट्टा आणि अंगापेक्षा लांब मिशा असलेली. ठकुबाईंनी विचारलं, एवढीशीच? घरात माणसं तीन, हिचं कालवण कसं पुरणार? मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला. मासे मला काही विशेष वाटले नाहीत, ते एकमेकांच्या मागे फिरतात आणि आपण नसलो तरी त्यांचं चालतं. पण एके दिवशी अण्णांनी धोंडा सरळ करायला हात पाण्यात घातला आणि ती कोळंबी चालत आली, त्यांच्या हातावर चढली आणि नखं साफ करायला लागली. एकेक नख. मध्येच मिशा हलवायची, पुन्हा कामाला लागायची. अण्णांची नखं तुम्हाला माहीत आहेत, जन्मभर चिखलात राहून त्यांच्या भेगा काळ्या पडल्या आहेत, त्या काळेपणात तिला काय खाण्यासारखं सापडलं कोण जाणे. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून हाक आली, 'पोरी, हिकडं ये.' मी चमच्यासकट बाहेर आले तर अण्णा काचेला नाक लावून बसलेले. म्हणाले, 'बघ, नखं काढतीया माजी. अंबू काटा काढायची, तसा हलका हात हाय.'

आत्याबाई त्यांच्या पायातले काटे सुईने काढायच्या, ते तुम्हीही पाहिलं असेल. मी मागे फिरले आणि भाजी करपली म्हणून आत गेले. (भाजी खरंच करपली होती.) त्या दिवसापासून अण्णा बोलायला लागले. फार नाही. पण सकाळी उठून 'बाई उठल्या का?' असं विचारायचे. ही बाई म्हणजे कोळंबी. मला कधी त्यांनी उठल्याचं विचारलेलं नाही, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

तर आता शेवाळ. तुम्ही फोनवर म्हणालात की नव्या टाकीत ते होतंच, तिन्ही गोष्टी सांभाळा, पाणी, उजेड आणि खाणं. भावजी, या तिन्ही गोष्टी अण्णांच्या हातात होत्या. तुम्ही गाळलेल्या पाण्याचे जार विकत आणायला सांगितलेत. विकत पाणी आणायचं आणि त्यात मीठ घालायचं, हे अण्णांना कोणत्याही बाजूने पटेना. बोअरचं पाणी चांगलं आहे, त्यावर आपण एवढे वाढलो, असं म्हणून त्यांनी परस्पर दोन-चार बादल्या बोअरच्याच ओतल्या. (त्या बोअरच्या शेजारी आपलं भाताचं वावर, आणि त्यात दरवर्षी पडणारा युरिया, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.) उजेडाचं म्हणाल तर दिवा दिवसभर चालू, कारण बंद केला की बाई दिसत नाहीत. आणि खाणं! चिमूटभर गोळ्या एकदाच, असं तुम्ही डबीवर लिहून ठेवलंत. आपल्या दारात आलेलं जनावर चिमूटभर खाऊन झोपतं हे अण्णांना सहन होणं शक्य नव्हतं. गोळ्या चिमटीने जायच्या बंद होऊन मुठीने जायला लागल्या. मग भाकरीचा चुरा. एकदा इंद्रायणीचा मऊ भात, वर थोडं तूप. तुपाचा तवंग दोन दिवस फिरत होता आणि तुमचं ते फेस काढायचं यंत्र नुसतं गुरगुरत होतं.

आधी तपकिरी थर आला. वाळूवर, धोंड्यांवर, काचेवर, जणू कुणी कोको शिंपडलाय. तुम्ही म्हणालात, जाईल. गेला. मग हिरवं आलं. तुमच्या भाषेत त्याचं काय नाव असेल ते असो, आम्ही त्याला केस म्हणायचो, कारण ते केसांसारखंच वाढायचं आणि केसांसारखंच मोरीत अडकायचं. माझ्या माहेरच्यांनी माझं नाव राजनंदिनी ठेवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय चित्र असेल ते असो. राजनंदिनी रोज दुपारी कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात हात घालून दात घासायच्या ब्रशने धोंडे घासत होती. (ब्रश तुमच्या बंधूंचा. त्यांना अजून माहीत नाही. ते नव्या पेस्टला खारट चव आहे म्हणतात.) घासलेलं शेवाळ बाहेर काढायचं, पाणी बदलायचं. बदललेलं पाणी तुमच्या बंधूंनी परसात ओतलं, आणि माझा सगळा अळू झोपला. तीन वर्षं जोपासलेला अळू. वडी काय असते हे या घराला आता विसरावं लागेल. मी तुमच्या बंधूंशी त्यावरून काही बोलले नाही, असं मला लिहायला आवडलं असतं.

गोगलगायी शेवाळ खातात म्हणून तुम्ही आणखी पाठवल्यात. त्यातल्या निम्म्या उलट्या पडल्या. उलटी पडलेली गोगलगाय स्वतः सरळ होत नाही, हे जगात कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. अण्णा सकाळी उठून त्यांना चमच्याने सरळ करायचे, त्या पुन्हा पडायच्या. अशातच एक दिवस सकाळी बाई वाळूत पडलेल्या दिसल्या. पांढुरक्या, पोकळ, हलत नव्हत्या. अण्णा जेवले नाहीत. चहासुद्धा घेतला नाही. खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. तुमचे बंधू दुकान बंद करून घरी आले (आत्याबाई गेल्या तेव्हाही त्यांनी शेजारच्या गाळेवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, यावेळी कुलूप लावून आले). संध्याकाळी धोंड्याच्या मागून बाई डुलत बाहेर आल्या, आधीपेक्षा जरा मोठ्या आणि जास्तच लाल. कात टाकली होती त्यांनी. आम्ही दिवसभर त्यांच्या जुन्या अंगरख्याचं सुतक पाळलं होतं. अण्णा त्या संध्याकाळी दोन भाकरी जास्त जेवले, आणि मला वाटलं, चला, एवढ्यावर सुटलो. मी सहसा असं समजत नाही. त्या दिवशी समजले, तिथेच चुकलं.

हिरवं जाईना म्हणून तुम्ही टाकी काही दिवस अंधारात ठेवायला सांगितलीत. आम्ही तिच्यावर घोंगडी टाकली, घोंगडीवर चादर, कडेने चिमटे. आता सोप्यात उंच काहीतरी झाकलेलं, शेजारी म्हातारा माणूस मान खाली घालून बसलेला, बाहेरून जाणाऱ्याला काय दिसणार? पहिल्या दिवशी दोन बायका दारातून बघून परत गेल्या. दुसऱ्या दिवशी ठकुबाई डोक्यावरून पदर घेऊन आल्या, अण्णांच्या समोर बसल्या आणि हुंदका देऊन म्हणाल्या की जाणारी माणसं जातात, आपल्याला राहावं लागतं. अण्णा म्हणाले व्हय. कुणाचं काय झालंय हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. मी चहा ठेवला. ठकुबाई जाताना माझ्या कानात म्हणाल्या की दहाव्याला सांग, मी डाळ निवडायला येते. मी सांगते म्हटलं. आता त्या मला रोज तारीख विचारतात.

घोंगडी काढली तेव्हा हिरवं गेलं होतं आणि त्याच्या जागी लाल आलं होतं. जांभळट लाल, बुळबुळीत, सायीसारखं सगळ्या वाळूवर पसरलेलं, आणि त्यातून बुडबुडे वर येत होते. काचेतून बाई दिसेनाशा झाल्या. पुण्याचा दुकानदार म्हणाला, धीर धरा, काहीही औषध घालू नका. तुम्हीही तेच म्हणालात. अण्णा काचेसमोर बसायचे आणि बोटाने काच पुसायचे. साय आतून, बोट बाहेरून. मी आत घासायची तेवढ्यापुरतं दिसायचं, तासाभरात पुन्हा धूसर. एकेक दिवस अण्णा पुन्हा कमी बोलायला लागले. 'बाई उठल्या का?' विचारायचं बंद झालं. मी पोळ्या लाटताना कान बाहेर लावून असायचे, आता हाक येईल, मग येईल. भावजी, मला फार वाईट वाटत होतं. आपल्या घरात एवढं सामान आहे, मिक्सर आहे, इन्व्हर्टर आहे, आणि एक म्हातारा माणूस पुन्हा आत आत चाललाय हे थांबवायला काही सापडत नाही.

बाजारच्या दिवशी मी भोरला गेले होते. परत आले तर अण्णा सोप्यात उभे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बाह्या वर, लावणीच्या दिवसांत बांधावर उभे राहायचे तसे. मला बघून म्हणाले, 'आगं, शेवाळाला काय भ्यायचं? उभी हयात आमी शेवाळच मारलं.' आणि टाकीत बोट दाखवलं. यंत्रातून पाणी पडतं त्या तोंडाशी एक पुरचुंडी बांधली होती. आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याची चिंधी, आणि तिच्यातून निळं निळं पाणी झिरपत होतं. मोरचूद, भावजी. तुम्ही लहानपणी पाहिलं असेल, भाताच्या खाचरात शेवाळ वर आलं की पाटाच्या तोंडाशी मोरचुदाची पुरचुंडी बांधतात, पाणी तिच्यातून जातं आणि दोन दिवसांत शेवाळ बसतं. आमच्या पासलीत तर ती पुरचुंडी बांधायला सुद्धा ठरलेली माणसं होती. अण्णांनी माळ्यावरचा डबा काढला होता, शिडी लावून, एकट्याने. आत्याबाई गेल्यापासून त्यांनी आपणहून केलेलं ते पहिलं कष्टाचं काम.

औषध घालू नका, हे वाक्य मला आठवलं. खोटं कशाला बोलू, लगेच आठवलं. पण अण्णा बोलत होते. कोणत्या वर्षी कोणत्या खाचरात किती शेवाळ होतं, कुणाचा पाट फुटला, आत्याबाईंनी पदरात मोरचूद आणून त्यांचं लुगडं कसं निळं झालं, सगळं. चहा मागितला, स्वतःहून. दुपारी पोटभर जेवले आणि 'शेताकडं जाऊन येतो' म्हणून काठी घेऊन बाहेर पडले. मी दारात उभी राहून ते वळणावर दिसेनासे होईतो बघत होते. त्यांच्या समोर ती पुरचुंडी काढायची हिंमत मला झाली नाही. ते गेल्यावर काढली, दोन जार गाळलेलं पाणी बदललं, आणि मग घाबरत दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, 'तांबं? वहिनी, तांबं?' मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ, मासे ते सोसतात, कोळंबी आणि गोगलगायी नाही. मी फोन ठेवला तेव्हा बाई धोंड्यावर आडव्या होत्या आणि मिशा हलत होत्या. संध्याकाळी हलायच्या बंद झाल्या.

अण्णा यायच्या आत मी बाईंना बाहेर काढलं आणि परसात, मेलेल्या अळूच्या वाफ्यात पुरलं. वर दगड ठेवला, मांजर उकरू नये म्हणून. अण्णा आले ते बांधावरची हिरवी मिरची रुमालात बांधून घेऊन आले. आल्या आल्या टाकीपाशी गेले. पाणी स्वच्छ, साय मोडायला लागलेली, मासे फिरत होते. 'बाई कुठं हायत्या?' विचारलं. मी म्हटलं, कात टाकायला आत बसल्यात, एवढ्यात बाहेर यायच्या नाहीत. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाही वर करून हात पाण्यात घातला आणि वाट बघत बसले. हात पांढरा पडेपर्यंत. तेव्हापासून रोज सकाळी घालतात. शेवाळ गेलं, काच अशी लख्ख की त्यांचा हात दुप्पट दिसतो, आणि त्या हातावर कुणी येत नाही. मी रोज सांगते, अजून आतच आहेत, यावेळी मोठी कात असेल. ते रोज बरं म्हणतात. शेताकडे जातात, जेवतात, दोन शब्द बोलतात. पण हे किती दिवस चालणार? एक दिवस त्यांना कळेल की आपणच बाईंना मारलं, आपल्याच हाताने, आपल्याला येत असलेल्या एकुलत्या एका उपायाने, आणि मग ते पुन्हा खुर्चीत बसतील, आणि यावेळी त्यांना उठवायला माझ्याकडे काही नसेल. टाकी एकदम झकास आहे, भावजी. असं पाणी तुमच्या चेन्नईच्या समुद्राला नसेल. बघून कुणालाही आनंद व्हावा.

वहिनीला वाटलं तेवढं लिहिलं. चूक झाली असेल तर ती मुद्दाम केलेली नाही. पाठीला शेक देत जा. सकाळी उठून काहीतरी खात जा, नुसत्या कॉफीवर राहू नका.

तुमची वहिनी,
राजनंदिनी

ता. क. आता मुद्द्याचं. दुसरी कोळंबी हवी. तशीच, तेवढीच, पांढरा पट्टा अगदी मधोमध. पण दुकानदार म्हणतो की तांबं धोंड्यांत आणि वाळूत मुरलं आहे, त्या टाकीत टाकाल ती कोळंबी जाईल. म्हणजे धोंडे नवे, वाळू नवी, पाणी सगळं नवं. आमच्या पासलीची जत्रा चैत्रात आहे. मी अण्णांना जत्रेला म्हणून माहेरी घेऊन जाते, दोन दिवस ठेवून घेते. तेवढ्यात तुम्ही आणि तुमच्या बंधूंनी सगळं बदलायचं, धोंडे होते तसेच रचायचे. आम्ही परत आलो की बाई कात टाकून बाहेर आलेल्या असतील. अण्णांना काही कळणार नाही. माणूस पाठवू नका, तुम्हीच या, धोंडे कसे रचले होते ते तुम्हालाच ठाऊक.

ता. क. दुसरं. तुमचे बंधू म्हणतात की कोळंबी दोन आणा, एक राखीव. त्यांच्याकडे दुकानात तशीच पद्धत आहे. आणि एक दात घासायचा ब्रश पण आणा, कशासाठी ते त्यांना सांगू नका.

ता. क. तिसरं. पाकिटाला डिंक लावला होता, तो उचकटून हे लिहिते, म्हणून पाकीट असं दिसतंय. पत्ता लिहिताना अण्णा शेजारी येऊन बसले. कुणाला लिहिते म्हणून विचारलं. तुम्हाला म्हटलं. काय लिहिलं, तर खुशाली म्हटलं. मग म्हणाले, 'त्याला लिव्ह, बाई मेल्या.' मी पेन खाली ठेवलं. म्हणाले, 'मला त्याच दिशी कळलं. मोरचूद म्या घातलं, मला न्हाई कळणार? त्वा लपीवलंस, म्हणून म्या बी गप राहिलो. तुला वाईट वाटाया नगं म्हणून रोज हात घालतो.' मी रडले, भावजी. पदर तोंडाला लावून चांगली रडले. एवढे दिवस एकाच टाकीसमोर दोघं एकमेकांना सांभाळत बसलो होतो. अण्णांनी मला रडू दिलं. मग म्हणाले की नवी कोळंबी नको, धोंडे नकोत, वाळू नको, काही आणू नको म्हणावं. तेव्हा पहिल्या ताज्या कलमातलं सगळं रद्द समजा. जत्रेलाही ते येणार नाहीत, घरीच थांबणार आहेत. पुढचं त्यांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिते, माझं त्यात काही नाही. 'आय गेली तवा त्यो आला, दिवाळीला आला, दोन दिस हितं बसला, पर टाकीकडं तोंड करून. मला निस्ती त्याची पाठ दिसली. त्याला म्हणावं, एकदा माज्याकडं तोंड करून बसाया ये.'